खांद्याला एकच रकाना

मास्तरांच्या दुकानात आरसा नव्हता. शिंप्याच्या दुकानात आरसा नाही म्हणजे नवलच, पण तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. एखादं नवखं गिऱ्हाईक चुकून "ट्रायल कधी?" असं विचारून बसलंच, तर मास्तर हातातली कात्री टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "का? माझ्यावर संशय आहे?" तेवढी मोठी कात्री समोर असताना संशय आहे असं कोण म्हणणार?

दुकानाचे कायदे ठरलेले होते. नऊला शटर वर. मग तीन खडूंना धार, कात्रीच्या सांध्याला तेलाचा एक थेंब, इस्त्री तापायला ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून कापायला उभं राहायचं. गिऱ्हाइकानं काय ते पाठीशी बोलावं. अकराला चहा, तोही भिंतीकडेच बघत. एकला दुकानातल्याच जिन्यानं वर जेवायला, कारण घर दुकानाच्या डोक्यावर. दिवसचे दिवस मास्तरांचं पाऊल रस्त्याला लागत नसे आणि याची त्यांना घमेंड होती. सुखी माणसाची असते तसली नव्हे. आपण एकटेच बरोबर आहोत अशी खात्री पटलेल्या माणसाची असते तसली.

आणि सगळ्या कायद्यांचा कायदा म्हणजे वही. लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, वडिलांच्या वेळची. हाडं वाढायची थांबली की माणसाचं माप एकदा घ्यायचं, वहीत चढवायचं, आणि पुढं जन्मभर त्याच मापानं शिवायचं. "हाड बदलत नाही," मास्तर सांगायचे. "बदलतं ते मांस, आणि मांस म्हणजे खादाडपणा. मी खादाडपणा शिवत नाही." गिऱ्हाइकांना ते वहीतल्या नंबरानंच ओळखत. औषधवाला म्हणजे एकशे चाळीस. शाळेतल्या गणिताच्या बाई एकशे नव्वद. स्वतःची मुलगी दोनशे सात.

एवढं असून लोक यायचे, कारण कापणी बघून घ्यावी अशी. कापड त्यांच्या कात्रीखाली गेलं की त्याला वळण लागायचं. शिवण दहा वर्षं हलायची नाही, काजाचा दोरा तुटायचा नाही. काज-बटणं मास्तरांची बायको करायची, जिन्याखालच्या स्टुलावर बसून, एक शब्द न बोलता.

पूर्वी दुकानात धाकटा भाऊही असायचा. बारा वर्षांपूर्वी मास्तर तापानं चार दिवस वर झोपले होते, तेव्हा त्यानं एका जुन्या गिऱ्हाइकाला उभं करून नव्यानं मापलं आणि वहीतला आकडा खोडून शेजारी दुसरा लिहिला. मास्तर खाली आले, त्यांनी ती खाडाखोड पाहिली आणि भावाच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. "वडिलांच्या वहीत खाडाखोड करतोस? चालता हो." भाऊ चालता झाला. त्यानं मागच्या गल्लीत खोली घेऊन दुरुस्तीचं दुकान थाटलं असं कानावर आलं, तेव्हा मास्तरांना मनापासून आनंद झाला. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं आणि परत टाके घालायचे, याच्यापेक्षा भीक मागणं बरं, असं ते दोन दिवस येईल त्याला सांगत होते.

आता या सगळ्याला सुरुंग लावला तो दोनशे सातनं.

मुलगी वकील झाली होती. सोमवारी तिला पहिल्यांदा कोर्टात उभं राहून बोलायचं होतं आणि त्यासाठी काळा कोट हवा होता. बुधवारी संध्याकाळी ती काळं कापड घेऊन दुकानात आली, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माप घ्या."

"वहीत आहे," मास्तर भिंतीला म्हणाले.

"ते सोळाव्या वर्षीचं आहे. मी सव्वीसची आहे."

"हाड तेच आहे."

"बाबा, टेप घ्या आणि माप घ्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"वकील झालीस म्हणून मला कायदा शिकवू नकोस. शनिवारी कोट मिळेल."

"वहीतल्या मापानं कापलात तर मी तो घालणार नाही. सोमवारी बाजारातला तयार कोट घालून उभी राहीन. सगळ्यांच्या देखत."

कात्री थांबली. मास्तरांच्या मुलीच्या अंगावर तयार कोट! गाव हसेल, नाक कापलं जाईल, तेही बाजारच्या बोथट कात्रीनं. मास्तर आयुष्यात बहुधा पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे वळले आणि ओरडले, "या दुकानातून गेलेल्या एका तरी कपड्याची तक्रार आलीय का आजवर? एका तरी?"

"तुम्ही शिवलेला कपडा अंगात घातलेला माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?" मुलगी शांतपणे म्हणाली. शांतपणे म्हणाली म्हणून जास्त झोंबलं. ती खाडखाड जिना चढून वर निघून गेली. कापड तसंच पडून राहिलं.

"हिला झालंय काय?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"मी नाही सांगणार. ती म्हणते, तुम्ही आपणहून विचाराल तेव्हाच सांगेल."

"काय विचारू?"

"तेच तर," बायको म्हणाली आणि दाताखाली दोरा तोडला.

रात्री मास्तर कूस बदलत पडले. शेवटचा कधी पाहिला? खरंच, कधी? कपडा कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिला की त्यांच्या लेखी तो संपायचा. पुढं तो कुठं जातो, कसा बसतो, कुणाला कसा दिसतो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच काय, असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण प्रश्न चपलेत खडा जावा तसा टोचत राहिला.

गुरुवारी साडेदहाला औषधवाला पँट न्यायला आला. एकशे चाळीस, कंबर बत्तीस. मास्तरांनी नेहमीसारखं न वळता पुडकं मागं सरकवलं. औषधवाला "येतो मास्तर" म्हणून पायरी उतरला. आणि कुणास ठाऊक काय झालं, मास्तरांनी गळ्यातली टेप काढून ठेवली, चपला शोधल्या आणि ते त्याच्या मागं निघाले. बायकोच्या हातातली सुई हवेतच राहिली.

रस्त्यावर ऊन डोळ्यांत गेलं. औषधवाला पुढं चालला होता, पोट आधी आणि तो मागाहून. बत्तीस नव्हतीच ती कंबर. आंधळ्यालाही कळलं असतं. मास्तरांना वाटलं आता तो आपल्या औषधाच्या दुकानाकडे वळेल, पण तो त्यावरून तसाच पुढं गेला, इकडं तिकडं बघितलं आणि सटकन मागच्या गल्लीत शिरला. तिथं एका उघड्या दारापुढं चार माणसं बाकावर बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर एक पुडकं. मास्तरांच्याच कागदातलं, मास्तरांच्याच गाठीचं.

मास्तरांना बघून बाकावरच्या गणिताच्या बाईंनी आपलं पुडकं पदराआड घेतलं.

आत भिंतभर आरसा होता. त्याच्यासमोर औषधवाला नव्या पँटचं बटण पोटाखाली जेमतेम अडकवून उभा, आणि त्याच्यापुढं गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून बसलेला धाकटा भाऊ. केस पिकले होते. तो विचारत होता, "बसताना टोचतं की चालताना? जेवणाआधी की जेवणानंतर?"

"जेवणाआधी काय ते मला आठवतच नाही," औषधवाला म्हणाला आणि खदखदून हसला. वीस वर्षांत मास्तरांनी एकशे चाळीसला हसताना ऐकलं नव्हतं.

दांडीवर ओळीनं तीसचाळीस कपडे लटकत होते. मास्तरांना त्यांच्याजवळ जायचीही गरज पडली नाही. आपलं काज माणूस लांबूनही ओळखतो. सगळे त्यांचेच होते.

"माझ्या उष्ट्यावर जगतोस होय रे?" मास्तर दारातूनच गरजले.

औषधवाल्यानं दोन्ही हातांनी पँट धरली आणि तो पडद्यामागं पळाला. भावानं एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या गादीत खुपसली. घाई केली नाही.

"हो दादा," तो म्हणाला. "बारा वर्षं. छान चाललंय. तू शिवणीत दोन्ही बाजूंनी भरपूर कापड सोडतोस, म्हणून बरं. बत्तीसची छत्तीस सहज होते."

"लाज नाही वाटत?"

"मला कशाला वाटेल? लोक तुझ्याकडे येतात कारण तुझ्यासारखं कुणी कापत नाही. माझ्याकडे येतात कारण तू कापलेलं कुणाच्याच अंगाला होत नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे. तुला सांगायची हिंमत कुणाला नाही, एवढंच."

"कुणी म्हणजे कुणी बोललं नाही?"

"तू ऐकतोस कुठं? भिंतीशी कोण बोलणार?"

मास्तरांना तिथल्या तिथं ती दांडी ओढून पाडावीशी वाटली. त्यांनी हात घातलाही. हाताला लागला तो पांढरा शर्ट. गेल्याच महिन्यात दोनशे सातसाठी शिवलेला. शेजारी आणखी एक, तिचाच. तिसराही तिचा. शर्ट खाली ओढताना उजव्या खांद्याला बोटाखाली काहीतरी जाड लागलं. मास्तरांनी शर्ट उलटा केला. आत अस्तराच्या कापडाची एक गादी, बोटभर जाडीची, बारीक टाक्यांनी बसवलेली. डाव्या खांद्याला काही नव्हतं. दुसरा शर्ट उलटला. उजवीकडेच. तिसरा, तसाच.

मास्तरांचा आवाज उतरला. "फक्त उजव्या खांद्यालाच का?"

भाऊ उठून उभा राहिला. "बारा वर्षांत पहिला खरा प्रश्न विचारलास, दादा. पण त्याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही. तिला विचार."

"कोटही तूच करून देणार असशील."

"नाही. दोन महिने ती मागं लागलीय आणि दोन महिने मी तिला एकच सांगतोय. शर्टात गादी लपते. कोटात खांदा कापणीतच धरावा लागतो, आणि तशी कापणी मला जमत नाही. तुलाच जमते. हे सांगताना माझ्या जिवावर येतंय, हे लक्षात ठेव."

मास्तर बाहेर पडले. बाकावरच्या माणसांनी पाय आवरून वाट दिली. गल्ली संपेपर्यंत मागं कुणी बोललं नाही, आणि वळताना खसखस पिकल्याचं त्यांनी स्पष्ट ऐकलं.

दुकानात जळका वास होता. "तीस वर्षांत पहिल्यांदा इस्त्री चालू ठेवून गेलात," बायको म्हणाली. "मी बंद केली. तिचं कापड वाचलं." मुलगी काळं कापड हातावर घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती, घेऊन जायच्या तयारीत.

मास्तरांनी टेप उचलली. "उभी राहा इथं."

"का? वहीत आहे ना?"

"उभी राहा म्हणतो ना!" ओरडायची सवय एका दिवसात जात नाही. मग त्यांनी आवाज ओढून खाली आणला. "खांद्याला काय झालंय?"

मुलगी पायरी उतरून आली. कापड टेबलावर ठेवलं. बापाकडे पाठ करून ताठ उभी राहिली, आणि मास्तरांनी ती पाठ नीट पाहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. थोडाथोडका नव्हे, आरशाची गरज नाही इतका. आठ वर्षं ही मुलगी अशीच रोज त्यांच्या पाठीमागून जिना चढत होती, उतरत होती.

"कधी झालं?"

"आठ वर्षं झाली. हाड मोडलं होतं. नीट जुळलं नाही."

झोळी. मास्तरांना आठवलं, दीड महिना तिच्या गळ्यात पांढरी झोळी होती. बायको म्हणाली होती, पडली. आणि आपण म्हणालो होतो, लक्ष कुठं असतं हिचं? आणि जेवण संपवून खाली आलो होतो.

"कुठं पडलीस?"

मुलीनं मान वळवली नाही. "इथंच. तुम्ही उभे आहात तिथून तीन हातांवर. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायचा होता. काका होता तेव्हा तो काढायचा, त्याचा हात पुरायचा. तुम्ही त्याला हाकलल्यावर मी स्टुलावर चढून काढायचे. स्टूल कलंडलं. मी ताग्यासकट खाली आले."

"मी दुकानात होतो?"

"कापत होता. भिंतीकडे तोंड करून."

मास्तरांना विचारायचं नव्हतं. पण आज एकदा प्रश्नांचं दार उघडलं होतं आणि ते लावता येईना. "मी काय म्हणालो?"

"म्हणालात, ‘ऊठ, कापड मळेल.’"

बायकोनं सुई खाली ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तर टेप धरून तसेच उभे राहिले. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आपण तसं म्हणालो असणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते आजही तेच म्हणाले असते. काल म्हणाले असते, नक्की.

"मी उठले," मुलगी म्हणाली. "कापड मळलं नव्हतं. घडी घालून टेबलावर ठेवलं आणि मग वर गेले. काका घेऊन गेला मला हाडाच्या डॉक्टरकडे. आता घ्या माप. आणि हळहळू नका, मला ते नकोय. मला कोट हवाय."

मास्तरांनी माप घेतलं. मानेपासून डावा खांदा. मानेपासून उजवा. उजव्याचा उतार, पाठीच्या मधोमध दोरी सोडून. मग पुन्हा सगळं, कारण पहिल्या वेळी आकडे दिसेनात. घेता घेता विचारत राहिले. बॅग कुठल्या खांद्यावर घेतेस? हात वर किती जातो? बोलताना हात हलवतेस का? थंडीत ठणकतं?

"ठणकतं," ती म्हणाली. "आता पुरे."

मग त्यांनी वही उघडली. दोनशे सात. छाती, कंबर, बाही, खांदा. खांद्याला एकच रकाना होता. मास्तरांच्या वडिलांनी आखलेला, माणसाचे दोन्ही खांदे सारखेच असतात अशा भरवशानं. मास्तरांनी पेन उचलला, सोळाव्या वर्षीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि दोन नवे आकडे रकान्याबाहेर, समासात लिहिले. एक आकडा चुकला, तोही खोडला. भावाला ज्यासाठी हाकललं होतं त्याच्यापेक्षा वाईट खाडाखोड झाली.

शनिवारी दुपारी कोट तयार झाला. दोन रात्री मास्तर झोपले नव्हते आणि दोन वेळा उजवी बाजू उसवली होती. "ट्रायल घेणार मी," मुलीनं आधीच बजावलं होतं. "आरसा काकाकडे आहे."

म्हणून मास्तर कोट हातावर घेऊन, उभ्या रस्त्यानं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून मागच्या गल्लीत गेले. पुढं मुलगी, मागं बायको. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. आदरानं नव्हे, नीट दिसावं म्हणून.

मुलीनं कोट घातला. बटणं लावली. आरशासमोर उभी राहिली, वळली, हात वर केला, खाली घेतला, समोर न्यायाधीश असल्यासारखा पुढं केला. दोन्ही खांदे एका रेघेत होते. भावानं जवळ येऊन उजव्या खांद्यावरून तळवा फिरवला, गादी शोधली, आत काहीच नाही हे त्याला कळलं आणि त्यानं हात मागं घेतला.

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली.

मास्तर वाट बघत राहिले. तेवढंच मिळणार होतं. आठ वर्षांच्या मानानं तेही जास्तच होतं.

मग ती आरशातूनच त्यांच्याकडे बघायला लागली. "बाबा, स्वतःचा शर्ट बघितलात?"

मास्तरांनी पाहिलं. आरशात मुलीच्या मागं एक म्हातारा उभा होता. कॉलरमध्ये मान कुठंतरी बुडालेली, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. शर्ट उत्तम कापलेला होता. एखाद्या भरदार, विशीतल्या माणसासाठी.

"हात वर कर, दादा," भाऊ म्हणाला. गळ्यातली टेप त्यानं काढली होती.

"वहीत आहे माझं माप," मास्तर म्हणाले. नंबर एक. वडिलांनी घेतलेलं.

भाऊ टेप ताणून तसाच उभा राहिला, बायकोनं दाराकडे बघितलं, मुलगी कोटाची बटणं काढत होती. मास्तरांनी आरशातल्या माणसाकडे आणखी एकदा पाहिलं आणि हात वर केले.